सरांचे धडे: होते तसे लिहून ठेवूया

गिरणाकाठ

येत्या आषाढात आपल्याला नाटक शिकवणाऱ्या सरांना जाऊन वर्ष होईल. श्रद्धांजल्या झाल्या, हार घातलेले फोटो झाले. आता कामाचं बोलू. जळगावपासून शहाद्यापर्यंत सुटीतली नाट्यशिबिरं 'सरांच्या पद्धतीने' होतात आणि त्यातलं निम्मंअधिक सरांचं नसतं. पोरांना छाती फुगवून ओरडायला लावतात, तिसऱ्या दिवशी घसे बसतात, आणि नाव सरांचं. सरांनी स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही. म्हणून ज्याला जो धडा पक्का माहीत आहे त्याने तो इथे टाकावा. कसा करायचा, किती वेळ, कुठे बिघडतो, का बिघडतो. 'सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला' हे इथे नको, त्याला दुसरा धागा आहे. सरांचं नावही घालू नका, त्यांना ते खपलं नसतं. शिबिरवाल्यांची नावंही नकोत.

सुरुवात शेपटीपासून करतो, कारण सरांकडे पहिल्या दिवशी तीच असायची.

मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. 'मी त्या रात्री वाड्यावर गेलो नाही.' यातलं 'नाही' ऐकू आलं नाही की माणूस वाड्यावर जाऊन आला! नटाचा आवाज नेमका तिथेच खाली येतो. सर म्हणायचे, 'शेपूट पडली.'

व्यायाम असा. वाक्यांच्या दहा जोड्या करायच्या. 'तिने दार उघडलं होतं' आणि 'तिने दार उघडलं नव्हतं', अशा. वीस वाक्यं उलटसुलट क्रमाने लावायची. बोलणारा मागच्या पडद्यापाशी, ऐकणारा शेवटच्या रांगेत कागद-पेन घेऊन. ऐकणाऱ्याने फक्त शेवटचा शब्द लिहायचा, तोही अंदाजाने नाही, कानावर पडला तेवढाच. जोड्या असतात त्या यासाठीच, वाक्याच्या सुरुवातीवरून शेवट ओळखता येऊ नये म्हणून. वीसात अठरा बरोबर आले की पुढचा धडा.

आता पडते का. कारणं तीन आणि तिन्हींचे उपाय वेगळे. शिबिरांत सगळ्यांना एकच औषध पाजतात, घोळ तिथे होतो.

पहिलं कारण श्वास. वाक्याचा फक्त मागचा अर्धा भाग ताज्या श्वासावर बोलायला लावा. आता शेपूट टिकली तर श्वास कमी पडत होता. श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून द्या, म्हणजे झालं. दुसरं कारण सवयीची उतरती पट्टी. ताज्या श्वासावरही पडते ती ही. तेच वाक्य प्रश्न म्हणून विचारायला लावायचं, 'गेलो नाही?', म्हणजे शेवट वर जातो. मग तोच स्वर धरून साधं विधान. पाच-सहा आलटापालटींत कान पकडतो. तिसरं कारण डोक्यातलं. वाक्यं सुटी बोलताना उत्तम, संवादात आली की पडतात. कारण नट शेवटच्या शब्दावर पोचेपर्यंत मनाने पुढच्या वाक्यात गेलेला असतो. इथे आवाजावर कितीही घासलं तरी काही होत नाही. समोरच्या नटाला सांगायचं की तुला शेवटचा शब्द मिळाला असं वाटेपर्यंत आपलं वाक्य सोडायचं नाही. प्रवेश अडतो, पहिल्याला लाज वाटते, आणि तिसऱ्या तालमीत शेपूट उभी राहते.

एक मात्र लक्षात ठेवा. शेवटच्या शब्दावर हातोडा मारणं हा उपाय नाही. 'गेलो नाही', 'आलो होतो', प्रत्येक वाक्याला दणका. गेल्या दोन वर्षांत स्पर्धांमध्ये हे फार कानावर येतं. सरांनी शेवटचा शब्द उंचीवर ठेवायला सांगितला होता, आपटायला नाही. जोर अर्थ असेल तिथेच राहतो.

शेवटची_रांग

गिरणाकाठ भाऊ, एक राहिलं. पंखे!

पहिल्या दिवशी पंखे बंद ठेवून, दुसऱ्या दिवसापासून सगळे पंखे पूर्ण वेगाने चालू ठेवून हाच व्यायाम. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास असतो. प्रयोगाला कोणी पंखे बंद करत नाही, करूही नयेत. पंख्याच्या घरघरीत स्वर टिकतात, पण स, त, ह ही हलकी व्यंजनं बुडतात. म्हणजे 'होतं', 'नव्हतं', 'असतं', सगळ्या शेपट्या. त्यावर आवाज चढवून भागत नाही, जीभ दाताला नीट लागली पाहिजे. 'त' म्हणताना टोक वरच्या दातांच्या मागे पक्कं टेकतं का तेवढं बघायचं.

ऐकणाऱ्याची जागाही ठरलेली होती. शेवटची रांग म्हणजे भिंतीला पाठ लावून नव्हे. भिंतीलगत आवाज फिरून येतो आणि आहे त्याहून भरीव वाटतो. भिंतीपासून दोन रांगा पुढे बसायचं. नाट्यगृहाला बाल्कनी असेल तर तिच्या छताखाली, कारण सगळ्यांत वाईट जागा तीच.

विंगेतली_ताई

श्वासाचा धडा मी लिहिते. सर्वांत जास्त वाट याच धड्याची लागली आहे.

सतरंजीवर उताणं झोपायचं, गुडघे उभे, तळपाय जमिनीला टेकलेले. पाय लांब केले की कंबर उचलली जाते आणि पोट ताणतं, म्हणून गुडघे उभे. बेंबीच्या थोडं वर अर्धा किलोच्या आसपास वजनाचं पुस्तक. नाकाने चार अंक श्वास आत, एक अंक थांबा, मग दातांतून 'स्‌‌‌‌...' असा एकसारखा सोडायचा. पुस्तक हळूहळू खाली गेलं पाहिजे, धपकन नाही. पहिला आठवडा १५ सेकंद, दुसरा २०, तिसरा २५. तिसाच्या पुढे सरांनी कोणाला नेलं नाही. नाटकात तीस सेकंदांचं वाक्य नसतं, हे त्यांचं कारण. पाच वेळा झालं की दोन मिनिटं नुसतं पडून राहायचं. जेवणानंतर दोन तास तरी हा धडा नाही.

चक्कर येते ती इथे. पोरं दोन फेऱ्यांच्या मध्ये जोरजोरात श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. शिबिरात त्याला 'ऊर्जा जाणवते आहे' म्हणतात! ऊर्जा नाही, थांबायची खूण आहे.

दुसरी चूक म्हणजे 'पोट फुगवा' ही सूचना. पोट स्नायूंनी पुढे ढकलता येतं, श्वास न घेताही. करून बघा. सरांची परीक्षा अशी होती: उभं राहून हात खालच्या बरगड्यांवर, बोटं पुढे, अंगठे पाठीकडे. श्वास घेतल्यावर अंगठे एकमेकांपासून लांब गेले तर श्वास खाली गेला. खांदे वर गेले तर गेला नाही.

उभं राहिल्यावर 'स्' बंद, मोजणी सुरू. एका श्वासात एक ते पंधरा, बोलण्याच्या आवाजात, सगळे अंक सारख्या वजनाचे. तेरा-चौदा-पंधरा किरकिरे निघाले तर बारावर थांबायचं. श्वास संपल्यावर गळा आवळून काढलेले तीन अंक पुढच्या तीन दिवसांचा आवाज खातात.

घशाबद्दलही सांगून टाकते. मिठाच्या गुळण्यांनी घसा साफ वाटतो, पण गुळणीचं पाणी स्वरयंत्रापर्यंत जात नाही. तिथपर्यंत जाते ती वाफ. ज्येष्ठमध, खडीसाखर चघळा, लाळ सुटते, बरं वाटतं, एवढंच. आवाज बसला असेल तर कुजबुजूनही बोलू नये. त्याला ताण कमी पडतो हा गैरसमज आहे. गप्प बसावं. दिवसभर थोडं थोडं पाणी, माठाचं.

धुळ्याचा_पोऱ्या

सगळ्यांले नमस्कार. एक विचारायचं होतं. आमच्याकडच्या शिबिरात 'सरांचा ळ' म्हणून 'काल-काळ, वेल-वेळ, मूल-मूळ' शंभर वेळा घोकून घेतात, आणि आवारात अहिराणी बोललं की दंड लावतात. सर असं करायचे का?

परसाटी

दंड? सरांनी अहिराणीला कधी दंड लावला नाही. उलट.

आधी 'ळ'. 'काल-काळ' ही जोडी 'ळ'चा 'ल' करणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे 'ळ'चा 'ल' होतच नाही, 'य' होतो. डोळा-डोया, केळी-केयी, शाळा-शाया. अहिराणीत तसं, जळगाव-भुसावळकडच्या लेवा बोलीतही तसं. म्हणून आपल्या पोराला 'काल-काळ' दिवसभर म्हणवलं तरी शिबिरातून बाहेर पडल्यावर तो 'काय वेय झाली' असंच म्हणणार. त्यातला 'काय' बरोबर, 'वेय' नाही. त्याच्या कानाला फरक करायला शिकवायचा तो 'ळ' आणि 'य' यांतला.

सरांच्या जोड्या अशा होत्या: काळा-काया, माळा-माया, पाळ-पाय, गाळ-गाय. दोन्ही शब्द प्रमाण मराठीतले, दोन्हींना अर्थ. 'य' म्हणताना जिभेचं टोक खाली निवांत पडलेलं असतं, मधला भाग वर येतो. 'ळ'ला टोक उचलून मागे वळवायचं, टाळूच्या चढावर टेकवायचं आणि पुढे झटकायचं. म्हणजे या पोरांचं काम एकच, झोपलेलं टोक उठवणं. सर सुरुवातीला नुसतं 'ड' म्हणवून घेत. 'ड' सगळ्यांना येतो आणि टोक तिथेच जवळपास लागतं. ड-ड-ड-ळ. मग 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले', आधी अगदी सावकाश, एका वेळी तीनदाच. वेगाने म्हटलं की जीभ जुन्या वाटेने जाते.

न-ण चं तसंच. 'पानी' चं 'पाणी' करायला शिकवलं की पंधरा दिवसांनी उलटा रोग सुरू होतो: 'मण लावून', 'अणेक लोक', 'काळ म्हणालास?' ('काय' म्हणायचं होतं!). नवीन शिकलेला आवाज सगळीकडे पेरला जातो. हे आलं की घाबरायचं नाही, पण मोकळंही सोडायचं नाही. दोन्ही आवाज असलेली वाक्यं द्यायची: 'मन आणि मण', 'पाय आणि पाळ'. चटईला टाचणी टोचली ही ओळ मात्र ट-च साठी, तिचा ळ-ण शी संबंध नाही. सगळ्या जिभा-वळवण्या एका पिशवीत टाकू नका.

चारा आणि चार यांतला 'च' वेगळा. गुरांच्या चाऱ्याचा 'च' दातांजवळ, आकड्यातल्या चारचा टाळूजवळ. माझा आणि माझी, तसंच. लिहिताना एकच अक्षर असल्याने वाचून पाठ करणारे इथे फसतात. संहितेत दंत्य 'च', 'ज', 'झ' खाली पेन्सिलीने टिंब देण्याची पद्धत होती.

आता अहिराणी. सरांचा 'दोन वाटा' नावाचा धडा होता. तेच म्हणणं दोनदा मांडायचं, एकदा प्रमाण मराठीत, एकदा घरच्या बोलीत, मध्ये टाळी. 'मी काल शाळेत गेलो नाही.' टाळी. 'मी काल शायामा गऊ नही.' (धुळ्याकडे आणि जळगावकडे रूपं थोडी बदलतात, ज्याची जी असेल ती.) टाळी कोण कधी वाजवेल ते बोलणाऱ्याला माहीत नसतं, वाक्याच्या मध्येही वाजते. पंधरा मिनिटं. यातून घरची बोली मोडत नाही आणि दुसरी पक्की होते, कारण मेंदूला दोन्ही वेगवेगळ्या खणांत ठेवाव्या लागतात. ब्रिटिशकाळातल्या ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७च्या खंडात खान्देशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीपेक्षा वेगळी गणलं आहे. ती मराठीची बिघडलेली आवृत्ती आहे असं समजणाऱ्या शिबिरवाल्याला एवढं सांगा.

सरांचा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. शिरपूर तालुक्यातला शेतकरी उभा करायचा आणि तोंडी भाषा 'व्हय जी, आरं तिच्या' ही. नाटकातली ठरलेली 'गावरान' भाषा, सातारा-कोल्हापूरकडची उसनी. आपल्या माणसाच्या तोंडी 'शे' हवं, 'माले' हवं, 'घरमा' हवं. आणि लेवा बोलीतला माणूस असेल तर ते नको, त्याचं 'मले' वेगळं. दोन्हींची खिचडी करून 'खान्देशी टच' दिला असं म्हणणाऱ्याकडे सर नुसते बघत राहायचे.

धुळ्याचा_पोऱ्या

हे भारी शे. य-ळ च्या जोड्या लिहून घेतल्या. धन्यवाद आप्पा.

प्रॉम्प्टर

पाठांतर.

एक. फक्त आपली वाक्यं आणि समोरच्याचे शेवटचे तीन शब्द, अशी वही सरांना चालत नसे. सगळा प्रवेश हाताने उतरवायचा, सगळ्यांची वाक्यं. कारण सरळ आहे. शेवटचे तीन शब्द पाठ असलेला नट समोरच्याचं बोलणं ऐकत नाही, ते तीन शब्द यायची वाट बघतो. समोरच्याने एखादा शब्द बदलला की हा गप्प, आणि मग विंगेतून मला ओरडावं लागतं.

दोन. पेन्सिलीच्या खुणा तीनच. एक उभी रेघ म्हणजे अर्थाचा थांबा, श्वास नाही. दोन रेघा म्हणजे श्वास. शब्दाखाली रेघ म्हणजे जोर, वाक्यात एकच. पेन नाही, कारण तालमीत जागा बदलतात.

जोराची जागा ठरवायची ती प्रश्नावरून. 'तू काल बाजारात गेला होतास.' कोण गेला होता? जोर 'तू' वर. कधी? 'काल' वर. कुठे? 'बाजारात'. समोरचा नाकारतोय? 'होतास' वर. लेखकाने प्रश्न लिहिलेला नसतो, तो आपण शोधायचा. शोधला नाही की नट सगळ्याच शब्दांवर जोर देतो.

तीन. वहीच्या समासात 'दुःखाने', 'रागाने' लिहायचं नाही. क्रियापद लिहायचं: टाळतो, चाचपतो, डिवचतो, विनवतो, हुसकावतो. 'दुःखाने' करता येत नाही, 'टाळतो' करता येतं. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने शेवटच्या काळात शारीरिक कृतीवर भर दिला, त्याच्याशी हे जुळतं. पण सर त्याचं नाव वर्गात क्वचित घेत. पोरं नावातच अडकतात म्हणे.

चार, आणि हे सगळ्यांत जास्त बिघडतं. चालीत पाठ होणं. पोरं पाढ्यांसारखं घोकतात आणि ती चाल वाक्याला कायमची चिकटते. मग दिग्दर्शक कितीही सांगो, वाक्य त्याच चालीत येतं. उपाय म्हणजे पाठ करताना हातांना काम देणं. कपड्यांच्या घड्या, शेंगा सोलणं, काहीही. हातांची लय बदलते तशी वाक्याची बदलते. शिवाय पाठांतर शेवटच्या परिच्छेदापासून उलटं. सुरुवात सगळ्यांची पक्की असते, शेवट कच्चा. उलटं केलं की प्रवेशात पुढे जावं तसतसं पायाखालची जमीन घट्ट होते.

बडनेरा_पॅसेंजर

वाचतोय. मूकाभिनयाचं कोणी लिहील का? भरिताचा धडा.

भरीत_पार्टी

लिहितो, नावाला जागतो.

विद्यापीठांच्या युवक महोत्सवात मूकाभिनयाला पाच मिनिटं आणि जास्तीत जास्त सहा जण असतात. त्यामुळे लोक सहा जणांची गर्दी करून गोष्टी सांगायला धावतात आणि हातातली वस्तू कोणालाच दिसत नाही. सर सुरुवात एका माणसाने आणि एका वांग्याने करत. चार मिनिटं, भरीत. हा पदार्थ निवडला कारण खान्देशात प्रत्येकाने तो होताना पाहिलाय, चूक लगेच पकडली जाते.

क्रम असा. पऱ्हाटीच्या काड्या मोडून रचणं. कपाशीची वाळलेली काडी मोडताना आधी किंचित वाकते, मग तुटते. तुटल्यावर दोन्ही हात झटक्याने थोडे लांब जातात. हे झालं नाही तर काडी रबराची वाटते. मग पेटवणं, आणि इथे वाऱ्याची दिशा ठरवायची. धूर डावीकडून येतोय म्हटलं की शेवटपर्यंत डावीकडूनच. दर वेळी डोळे मिचकावताना मान उजवीकडेच वळली पाहिजे. दहातले आठ जण दुसऱ्या मिनिटाला दिशा विसरतात.

वांगं देठाला धरून विस्तवावर. हिरवं, लांबट, भरिताचं वांगं, चांगलं वजनदार. वजन बोटांत दाखवायचं नसतं, खांद्यात आणि दंडात दाखवायचं. मुठीत वस्तूच्या जाडीएवढी जागा सोडायची, देठाची जाडी साधारण अंगठ्याएवढी. मूठ पूर्ण मिटली की वांगं गायब. फिरवत भाजायचं, भाजत जाईल तसं ते मऊ पडतं, म्हणजे देठावरची पकड बदलते, दुसरा हात खालून आधाराला येतो पण टेकत नाही, कारण गरम आहे.

आता सोलणं. सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत सुंदर भाग. गरम वस्तूला हात लावणारा माणूस चेहरा वेडावाकडा करत नाही, तो बोटं बदलतो. चिमटीत साल धरली, ओढली, बोटं पाण्यात बुडवली, पुन्हा दुसरी चिमूट. ओढलेली साल बोटाला चिकटते, ती झटकावी लागते. पाण्याचं भांडं जिथे ठेवलं तिथेच हात गेला पाहिजे, दर वेळी, न बघता. म्हणून सर सुरुवातीला खडूने चार वर्तुळं काढून देत: चूल, पाणी, ताट, मिरच्या. तिसऱ्या दिवशी खडू पुसायचा.

मग ठेचणं. लाकडी दांडा भांड्याच्या तळाला लागतो तिथे हात थांबला पाहिजे, दर वेळी त्याच उंचीवर. तळ सरकला की प्रेक्षकाला कळत नाही काय चुकलं, पण विश्वास उडतो. मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून चव बघणं शेवटी, आणि चेहऱ्याची परवानगी फक्त तिथे.

चेहरा आधी वापरला की हात आळशी होतात. हे सरांचं कारण होतं.

गिरणाकाठ

वांगं चार मिनिटांत भाजून होतं का, हे जळगावात विचारू नका कोणी. वेळ आक्रसावा लागतो, मान्य.

विंगेतली_ताई

रडण्याचं लिहून टाकते, कारण त्यावरून इतर धाग्यांत भांडणं झाली आहेत. 'सर घरातलं मयत आठवायला लावायचे' हे साफ खोटं आहे. ते त्यांनी कधी करू दिलं नाही. कारण व्यवहाराचं होतं: आठवण पहिल्या प्रयोगाला रडवते, दहाव्याला नाही, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला तालमीनंतर घरी कोण सांभाळणार.

त्यांनी धरलं होतं नाट्यशास्त्र. आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार आणि आठ सात्त्विक भाव: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. घाम किंवा रंग उडणं हुकमी आणता येत नाही. पण स्वरभंग आणि वेपथू, म्हणजे आवाज फुटणं आणि कंप, यांना श्वासाची वाट आहे. तीन तुटक श्वास नाकाने आत, मध्ये सोडायचं नाही, चौथ्याला बोलायला सुरुवात. छातीच्या वरच्या भागात श्वास भरलेला असतो, त्यामुळे आवाज आपोआप थरथरतो. आणि मुख्य म्हणजे वाक्य नीट बोलण्याचा प्रयत्न करायचा. रडणारा माणूस रडण्याचा प्रयत्न करत नसतो, न रडण्याचा करत असतो. प्रेक्षकाला तो प्रयत्न दिसतो.

आणि हो, इथेही शेपूट. रडताना सगळ्यांत आधी तीच जाते.

हा धडा सलग पाच मिनिटांहून जास्त नाही. नंतर उभं राहून दहा साधे श्वास, एक ते पंधरा मोजणी, आणि मगच सुटी.

शेवटची_रांग

दोन फुटकळ गोष्टी. हशा आला की तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचं नाही, थंड झालेल्या नाट्यगृहात पुढचं वाक्य पडतं. हशा चढतो, माथ्यावर पोचतो, उतरायला लागतो. उतरायला लागला की बोलायचं, आणि पहिला शब्द बिनमहत्त्वाचा असेल तर उत्तम, कारण तो बुडणारच. थांबताना पुतळा व्हायचं नाही, जी कृती चालू होती ती चालू ठेवायची.

दुसरं, रंगमंचाच्या कडेला ठेवलेले फूट माईक. पोरं त्यांच्याकडे वाकून बोलतात. त्या माईकना पाय आणि बांगड्याच जास्त ऐकू येतात. लाकडी फळ्यांवर टाच आपटली तर एक अख्खं वाक्य जातं. माईक नाहीच असं समजून शेवटच्या रांगेशी बोला, तो आपलं काम करेल. बायकांच्या भूमिकांना काचेच्या बांगड्या हव्याच असतील तर तालमीपासून घालायच्या, रंगीत तालमीपासून नाही.

बडनेरा_पॅसेंजर

एक शंका. ताईंनी श्वासाला चार अंक लिहिलेत. आमच्याकडे सहा सांगतात, 'सर सहा घ्यायचे' म्हणून.

विंगेतली_ताई

मोठ्यांना चार. सहा कधीच नव्हते. सहा अंक लावले की पोरं शेवटच्या दोन अंकांसाठी खांदे उचलतात, मग अख्खा धडा वाया. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तीन अंक आणि पुस्तकाऐवजी नुसता तळहात. अंक घड्याळाच्या सेकंदाचा, टाळीचा नाही. टाळी वाजवणारा उत्साहात वेग वाढवतो.

प्रॉम्प्टर

ताई बरोबर आहेत. सहाचा आकडा कुठून आला कोण जाणे. असो, चार.

गिरणाकाठ

ठीक, चार पक्के. आता शेपटीच्या वीस वाक्यांची एक यादी सगळ्यांकडे सारखी असावी असं वाटतं. परसाटी आप्पा, तुमच्याकडे होती ना?

परसाटी

पूर्ण वीस जमवून टाकतो, आज या चार जोड्या चालवा.

त्याने पत्र वाचलं होतं. / त्याने पत्र वाचलं नव्हतं.
हे शेत आमचं आहे. / हे शेत आमचं नाही.
आई रात्रभर जागी होती. / आई रात्रभर जागी नव्हती.
मी त्याला ओळखत होतो. / मी त्याला ओळखत नव्हतो.

तिसरी जोडी पंख्याखाली नक्की फसते. 'जागी होती' मध्ये 'ह' विरला की 'जागी ओती' ऐकू येतं आणि ऐकणारा 'नव्हती' लिहून मोकळा होतो. तसं झालं तर आवाज वाढवू नका, 'जागी' नंतर केसाएवढा थांबा घ्या आणि 'होती' नव्याने सुरू करा.

शेवटची_रांग

आणि ऐकणारा दर पाच वाक्यांनी बदला. दहाव्या वाक्यापर्यंत त्याला बोलणाऱ्याची सवय होते आणि तो न ऐकता लिहायला लागतो.